बारा बोअरचा आकडा

जुन्या विलायती दुनळी बंदुकांची गोष्ट निघाली की ‘बारा बोअर’ म्हणजे बारा मिलिमीटरची नळी, व आकडा जितका मोठा तितकी बंदूक मोठी, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. बोअर (नळीच्या अंतर्व्यासाचे माप) ठरते ते एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, शिशाच्या त्या नळीत नेमक्या बसणाऱ्या जितक्या समान गोळ्या होतील त्या संख्येवरून. परातीतल्या तेवढ्याच पिठाचे लाडू अधिक वळले की प्रत्येक लाडू लहान होतो, तद्वत बारा बोअरची नळी सुमारे १८.५ मिलिमीटरची, तर वीस बोअरची १५.६ मिलिमीटरची भरते. रायफलीचे (आतून आटे पाडलेल्या नळीच्या बंदुकीचे) माप मात्र बहुधा इंचाच्या अंशांत सांगतात. लंडन वा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाच्या जुन्या शिक्क्यांत १३ हा अंक आढळला, एवढ्यावरून संग्राहकाने बारा बोअरची बंदूक नकली ठरवू नये. नळी किंचित अरुंद आहे, इतकेच तो अंक सांगतो. पुरातन हत्याराला परवाना नको, ही समजूतही अर्धवटच, कारण १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील सवलत दुरुस्तीनंतरही चालू न शकणाऱ्या हत्यारापुरतीच आहे.