६९७ च्या जागी कोण?

श्रीगोंदा तालुक्यात नागवडे कारखाना आणि पिंपळगाव पिसाचा कुकडी कारखाना सुरू झाले की उसाच्या रांगेत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मधूनमधून जुने टाटा ट्रक अजून उभे दिसतात. वाहतुकीचा करार झालेला असतो, ऊसतोडीच्या टोळीला उचल देऊन झालेली असते. अशा वेळी इंजिन बसलं तर मालकाचं वर्षच बसतं. म्हणून जुन्या गाडीच्या इंजिनाचा निर्णय पावसाळ्यातच व्हायला हवा. घाईत घेतलेलं इंजिन महागच पडतं.

यातल्या कितीतरी गाड्यांमध्ये टाटांचं ६९७ इंजिन आहे. टेल्कोने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून ट्रक निघू लागले. १९६९ मध्ये करार संपला. मग टाटांनी जी इंजिनं वाढवली, त्यांत ६९२ आणि नंतर ६९७ आलं. सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, म्हणून ६९७. १२८ मिलिमीटरच्या स्ट्रोकने हिशेब ५,६७५ सीसीचा होतो. टर्बो नसलेलं, यांत्रिक पंपावर चालणारं हे इंजिन साधं आहे आणि त्या साधेपणाला मी फार मान देतो. पाना, फीलर गेज आणि तयार कान असलेला मिस्त्री त्याचा दोष शोधू शकतो. लायनर झिजला तर तो काढून दुसरा ठोकायचा, पिस्टन-रिंगा बदलायच्या. ब्लॉक शाबूत असेल तर इंजिन पुन्हा उभं राहतं.

पण ब्लॉकला तडा गेला किंवा क्रँक घासून घासून शेवटच्या साइजला पोचली, की नुसतं इंजिनाचं दुरुस्तीकाम पुरत नाही. दुसरं इंजिन आणावंच लागतं. आणि इथे मोह पडतो तो कमिन्सचा.

मोह समजण्यासारखा आहे. टाटा आणि कमिन्स १९९३ मध्ये एकत्र आले आणि जमशेदपूरलाच ६बीटी इंजिन बनू लागलं. सहा सिलिंडर, ५,८८३ सीसी, वर टर्बो. आकाराने ६९७ पेक्षा थोडंसंच मोठं, पण चढावर भरली गाडी ज्या जोमाने ओढतं त्याला तोड नाही. मी त्या इंजिनाला कमी लेखत नाही. ते ज्या गाडीसाठी बनलं तिथे उत्तम आहे. जुन्या टाटा १२१० ट्रकमध्ये मात्र ते पाहुणं ठरतं. फाउंडेशन नव्याने बनवा, बेल हाउसिंग जुळवा, संप पुढच्या एक्सलला लागतो का बघा, रेडिएटर आणि पंख्यातलं अंतर मोजा, टर्बोच्या सायलेन्सरला वाट करून द्या. एवढं जमलं तरी वाढलेला जोर अखेर जुन्या क्लच प्लेटवर, गिअरबॉक्सवर आणि क्राउन-पिनियनवरच येतो. शिवाय ६बीटीच्या ब्लॉकला मुळात लायनर नाही, पिस्टन थेट ब्लॉकच्या बोअरमध्ये चालतो. झिजल्यावर ब्लॉक बोरिंगला न्यावा लागतो. हंगामात ते दिवस कुठून आणायचे?

कॉमन रेलची नवी इंजिनं तर या गाड्यांना परकीच. सेन्सर, ईसीयू, वायरिंग, सगळं बरोबर आणावं लागतं, आणि काश्टीच्या रस्त्यावर रात्री दोन वाजता बंद पडलं तर संगणक लावल्याशिवाय दोष कळत नाही.

म्हणून माझं मत घराण्यातल्याच इंजिनाच्या बाजूचं आहे: ६९७ च्या जागी ६९७. कंपनीकडून जुनं देऊन दुरुस्त केलेलं इंजिन मिळत असेल तर पहिली चौकशी तिथे करावी. बिल मिळतं, वॉरंटी मिळते. स्क्रॅपवाल्याकडून हाफ इंजिन घ्यायचं तर ते चालू स्थितीत बघितलेलं बरं. ब्रीदरमधून धूर किती येतो, थंड असताना पहिल्या सेल्फला उठतं का, पाण्यात तेल किंवा तेलात पाणी दिसतं का, क्रँक पुढे-मागे किती हलते, हे पाहावं. चेंबर उघडून बेअरिंगचा साइज विचारावा. क्रँक चाळीसच्या, म्हणजे शेवटच्या साइजला गेली असेल तर पुढच्या कामाला जागा उरली नाही असं समजावं आणि किमतीत तेवढं कापून घ्यावं. रंग मारून चकचकीत केलेल्या इंजिनापेक्षा मला तेलकट, मळकं पण चालताना ऐकलेलं इंजिन जास्त भरवशाचं वाटतं. रंगाखाली वेल्डिंग लपतं.

कागदांचं काम मिस्त्री करत नाही, ते मालकाला करावं लागतं. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ सांगतं की आरसीतला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. इंजिन बदलताना नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी आधीच घ्यावी. बदल झाल्यावर तो कळवायला कायदा १४ दिवसांची मुदत देतो. आपल्याकडे हे काम नगरच्या आरटीओत, एमएच-१६ च्या दप्तरी. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन असेल तर नवा नंबर आरसीवर चढवणं तुलनेने सरळ जातं. कमिन्स बसवलेल्या १२१० चं उत्तर देताना मालकाचीच फजिती होते. नंबर जुळला नाही तर फिटनेसला गाडी अडते आणि अपघात झाल्यावर विम्याचा दावाही अडचणीत येतो. स्क्रॅपमधलं इंजिन घेताना बिलावर इंजिन नंबर लिहून घ्यावा, ज्या गाडीतून ते निघालं तिची आरसी रद्द झाल्याचा कागद मागावा आणि ब्लॉकवरच्या नंबराची पेन्सिल-छाप पैसे देण्याआधी स्वतः घ्यावी. कोरलेला नंबर घासलेला दिसला तर सौदा तिथेच सोडावा, इंजिन कितीही गोड चालत असलं तरी.