ढेकर आला, म्हणजे गॅसच होता?

छातीत दडपण आलं की आपल्या घरात निदान तयारच असतं. "काही नाही, गॅस झालाय. काल लग्नात तेलकट खाल्लंत ना, बाबा!" मग ओवा चावायला दिला जातो, सोडा प्यायला जातो, कुणीतरी पाठ चोळतं. एक ढेकर येतो, जरा हलकं वाटतं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. हे इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. कारण बंद पडलेली रक्तवाहिनी ढेकराने उघडत नाही आणि तिच्यावर अवलंबून असलेला हृदयाचा स्नायू तोवर मरत असतो.

गैरसमज : ढेकराने किंवा पित्ताच्या औषधाने बरं वाटलं, म्हणजे हृदयाचं काही नाही.

वस्तुस्थिती : बोटाला सुई टोचली तर मेंदू नेमकं बोट ओळखतो. हृदयाचं दुखणं त्याला असं नेमकं कळत नाही. हृदय, अन्ननलिका, छाती आणि हात यांच्याकडून येणाऱ्या नसा मज्जारज्जूत जवळजवळ एकाच भागात पोचतात. त्यामुळे हृदयाची तक्रार कधी हातात, कधी जबड्यात, कधी बेंबीच्या वर जाणवते. हृदयाचा खालचा भाग तर श्वासपटलावरच टेकलेला असतो. तिथला रक्तपुरवठा तुटला की मळमळ, उलटी, पोटात जळजळ असं हुबेहूब पित्ताचं सोंग वठतं.

"पण बरं वाटलं ना?" वाटलं असेल. हृदयविकाराच्या झटक्यातलं दुखणंही कमीजास्त होतं. 2003 साली 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये आलेला अभ्यास पाहा. छातीत दुखणाऱ्यांना जिभेखाली नायट्रोग्लिसरिन दिलं. हृदयविकार निघालेल्यांपैकी 35 टक्क्यांना आराम पडला आणि न निघालेल्यांपैकी 41 टक्क्यांना! खुद्द हृदयाच्या औषधाने पडलेल्या आरामावरून जिथे निदान होत नाही, तिथे सोड्याच्या बाटलीवरून काय होणार?

मग दुखणं काहीच सांगत नाही का? सांगतं. "कुठे दुखतंय?" असं विचारल्यावर रुग्णाचा हात पाहा. छातीच्या मधोमध मूठ आवळून धरली, "कुणीतरी दगड ठेवल्यासारखं वाटतंय" म्हणाला, घाम फुटला, दुखणं दोन्ही हातांत उतरलं, तर संशय बळावतो. एकाच बोटाने जागा दाखवली, दाबल्यावर किंवा श्वास घेताना टोचलं, तर शक्यता कमी होते. कमी होते, संपत नाही. निदान होतं ते ईसीजी आणि रक्तातल्या ट्रोपोनिनवर, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनावर. रुग्ण पोचल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी निघावा, असा दंडक आहे. पहिला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो आणि ट्रोपोनिन वाढायला काही तास लागतात. म्हणून डॉक्टर थांबवून पुन्हा तपासतात; बिल वाढवायला नव्हे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात :

दुखलं नाही, म्हणजे अ‍ॅटॅक नाही. 2000 साली 'जामा'त आलेल्या, 4 लाख 34 हजार अमेरिकन रुग्णांच्या पाहणीत तिघांपैकी एकाच्या छातीत दुखलंच नव्हतं. असे रुग्ण उशिरा पोचले आणि त्यांच्यातले 23 टक्के रुग्णालयातच दगावले. दुखणाऱ्यांमध्ये हे प्रमाण 9 टक्के होतं. मधुमेही, वयस्कर आणि स्त्रिया यांनी नुसती धाप, घाम किंवा गळाठाही हलक्यात घेऊ नये.

डावाच हात दुखतो. उजवाही दुखतो.

कळ असह्यच असते. ती सिनेमात. प्रत्यक्षात अनेकदा नुसतं दडपण असतं.

जोरजोरात खोकलं की अ‍ॅटॅक टळतो. व्हॉट्सअ‍ॅपवर टळतो.

शेजारच्यांची सॉर्बिट्रेट, म्हणजे हृदयाच्या औषधाची गोळी, जिभेखाली ठेवावी. रक्तदाब एकदम कोसळू शकतो. डॉक्टरांनी दिली असेल तरच घ्या.

छातीतलं दडपण काही मिनिटांत गेलं नाही किंवा सोबत घाम, धाप असेल, तर 108 ला फोन करा. रुग्णाला जिना चढवू नका, गाडी चालवू देऊ नका. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर ही गोळी चावून घेण्याबद्दल फोनवरच विचारा. ईसीजी होईल तिथे पोचा. तिथे गॅसच निघाला, तर कुणी हसणार नाही. हसलंच, तर हसू द्या.