अंतराळातला आमरस आणि घरातला घास

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दोन माजी छात्र अंतराळात जेवून आले आहेत. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा यांच्यासाठी म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने भारतीय पदार्थ सिद्ध केले होते. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस सोबत नेला.

तेथे ताटात काही टिकत नाही. वाळवलेले अन्न पिशवीतच पाणी घालून भिजवतात, पेये नळीने ओढतात. पावाचे कण तरंगत डोळ्यांत व यंत्रांत जातात. म्हणून आपल्या पोळीसारखी टॉर्टिया वापरतात.

वजनरहित अवस्थेत घास गिळता येईल का, अशी शंका आरंभी डॉक्टरांना होती. तो गिळता येतो. कारण अन्ननलिकेचे स्नायू लाटेप्रमाणे आकुंचन पावून अन्न जठराकडे ढकलतात.

मग अंथरुणावरील आजोबांना निजवूनच भरवले तर काय बिघडले? बिघडते ते घशाशी. तेथे अन्नाची आणि श्वासाची वाट वेगळी होते. आडवे असताना घोट गिळण्याआधीच मागे ओघळतो. वार्धक्यात, विशेषतः पक्षाघात वा कंपवात असल्यास, श्वासाची वाट वेळेवर झाकली जात नाही. अन्न फुप्फुसात उतरले तर होणारा न्यूमोनिया जिवावर बेतू शकतो.

म्हणून भरवताना रुग्णाला ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली ठेवावी. घास लहान असावा. पहिला गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्यावा. गुंगीत असलेल्यास भरवू नये. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे करू नये. जेवताना वारंवार ठसका लागणे, आवाज ओलसर व घरघरता होणे, पुनःपुन्हा ताप येणे ही लक्षणे दिसताच डॉक्टरांना दाखवावे. पातळ पाण्याने ठसका लागत असेल, तर द्रव किती घट्ट करावा हे त्यांनाच ठरवू द्यावे.

आणखी एक साम्य आहे. अंतराळात शरीरातील द्रव डोक्याकडे सरकतो, नाक चोंदते आणि जेवण बेचव लागते. अंतराळवीर मग तिखट सॉस मागतात. वयोमानाने गंधाची जाणीवही अशीच मंदावते. तेव्हा आजींनी ताट बाजूला सारले, तर तो रुसवा समजू नये. मीठ वाढवण्याऐवजी लिंबू, जिरे, कोथिंबीर यांनी चव आणावी आणि शक्यतो त्यांच्यासोबत बसून जेवावे.