लॅपटॉपच्या पडद्याचा काठ : रुंदी, प्रमाण आणि सौंदर्यविचार

लॅपटॉप संगणकाच्या पडद्याभोवती जी रिकामी पट्टी असते, तिला दुरुस्तीच्या दुकानांत ‘बेझल’ म्हणतात. मराठीत तिच्यासाठी तीन शब्द सुचतात आणि ते तिन्ही सार्थ आहेत. दाराची ‘चौकट’ दार धरून ठेवते; पोथीचा वा पुस्तकाचा ‘समास’ मजकुराभोवती मोकळी जागा राखतो आणि वाचणाऱ्याच्या बोटांना आधार देतो; लुगड्याचा ‘काठ’ वस्त्राचा शेवट बांधतो व त्यास शोभाही आणतो. लॅपटॉपच्या पट्टीकडे ही तिन्ही कामे आजवर होती. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र ती केवळ वाया गेलेली जागा म्हणून मोजली जाऊ लागली. पट्टी जितकी बारीक तितका लॅपटॉप सुंदर, हे समीकरण जाहिरातींनी रूढ केले आणि ग्राहकांनी ते फारशी चिकित्सा न करता मान्य केले. या समीकरणाची तपासणी करावयाची तर पट्टीची मूळ कामे कोणती होती व ती काढून घेतल्यावर कोणाच्या वाट्याला गेली, हे पाहिले पाहिजे.

चौकटीचा सौंदर्यविचार आपल्याकडे नवा नाही. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील मंदिराचा खालचा शिल्पसमृद्ध भाग यादवकालीन मानला जातो. तेथील गर्भगृह सभामंडपाच्या पातळीखाली असून दर्शनार्थीस अरुंद वाटेने वाकून, पायऱ्या उतरून जावे लागते. प्रशस्त मंडप आणि त्यानंतरची ती संकोचलेली वाट यांमुळेच आतील लहानशा जागेचे गांभीर्य वाढते. मध्ययुगीन दख्खनी मंदिरांच्या द्वारशाखांचेही असेच आहे. एकीच्या आत दुसरी अशा तीन, पाच वा सात उभ्या शाखा दाराभोवती कोरलेल्या असतात. वर मधोमध ललाटबिंब आणि खाली उंबरा. केवळ दार धरून ठेवण्यास इतक्या शाखांची गरज नव्हती. दृष्टीला टप्प्याटप्प्याने आत नेणे हे त्यांचे प्रयोजन. जर्मन समाजचिंतक गेऑर्ग झिमेल याने १९०२ मध्ये चित्राच्या चौकटीवर एक छोटा निबंध लिहिला. चौकट चित्राला भोवतालच्या जगापासून वेगळे करते व त्याच कृतीने त्याला आतून एकसंध करते, असे त्याच्या विवेचनाचे सार आहे. द्वारशाखांचे काम याहून फारसे निराळे नाही.

लॅपटॉपच्या पट्टीचा उगम मात्र सौंदर्यात नसून यंत्ररचनेत आहे. द्रवस्फटिक पडदा म्हणजे दोन पातळ काचांमध्ये कोंडलेला द्रव. तो बाहेर येऊ नये म्हणून काचांच्या कडेने चिकट द्रव्याचे कडे घालावे लागते, आणि या कड्याच्या अगदी लगत चित्र नीट उमटत नाही. चित्रबिंदूंच्या आडव्या रांगा एकामागून एक चेतवणारी मंडले डाव्या-उजव्या कडांस असतात. उभ्या स्तंभांना संकेत पुरवणारी मंडले बहुधा खालच्या कडेस. पूर्वी पडद्यामागील उजेडासाठी बारीक नळीदिवा व त्याला उच्च दाबाची वीज देणारी पट्टी लागे. त्यांची जागा पुढे प्रकाशदायी डायोडांनी, म्हणजे एलईडींनी, घेतली. पण त्यांचा प्रकाश एकजीव होण्यास थोडे अंतर आवश्यकच असते, अन्यथा कडेला उजेडाचे ठिपके दिसतात. याशिवाय बिनतारी संपर्काचे अँटेना, कॅमेरा, ध्वनिग्राहक, झाकणाचे लोहचुंबक आणि बिजागरीकडे जाणाऱ्या तारा यांनाही पट्टीच आश्रय देत होती. रांगा चेतवणारी मंडले वेगळ्या तुकड्यांऐवजी थेट काचेवरच घडवण्याची पद्धत आली, तेव्हा बाजूच्या कडा खऱ्या अर्थाने अरुंद होऊ शकल्या. म्हणजे ज्याला आरेखकाची अभिरुची म्हटले जाते, त्यातील बराचसा वाटा काचेच्या कारखान्यातील प्रगतीचा आहे.

रुंदी किती हा प्रश्न मिलिमीटरांत विचारला जातो; डोळा मात्र प्रमाण मोजतो. १३.३ इंच कर्णाचा, १६:९ प्रमाणाचा पडदा सुमारे २९४ मिमी रुंद व १६६ मिमी उंच असतो. त्याच्या चारी बाजूंस २० मिमीचा काठ ठेवला, तर एकूण पृष्ठभागापैकी सुमारे ७१ टक्के भाग चित्राला मिळतो. काठ ५ मिमीवर आणला, तर ९१ टक्के. आता हाच २० मिमीचा काठ ५५ इंची दूरदर्शन संचाभोवती असला, तरी चित्राचा वाटा ९१ टक्क्यांच्या आसपासच राहतो. दिवाणखान्यातील संचावर जो काठ सुबक वाटतो, तोच लॅपटॉपवर ओबडधोबड दिसतो, याचे कारण एवढेच. हे साधे गणित लक्षात न घेता भिन्न आकारांच्या यंत्रांची तुलना करणे व्यर्थ होय.

इतिहासाकडे पाहिले तर रुंद काठ हा प्रारंभी लाजिरवाणा मुळीच नव्हता. बिल मॉगरिज याने आरेखित केलेला ‘ग्रिड कंपास’ १९८२ साली बाजारात आला. त्याचा पडदा जेमतेम सहा इंचांचा होता आणि त्याच्या प्रशस्त झाकणाचा बहुतांश भाग मोकळाच होता, तरीही त्याची गणना आज आरेखनाच्या अभिजात नमुन्यांत होते. रुंद काठाविषयी नापसंती रूढ होण्यास २०१५ चा डेल कंपनीचा ‘एक्सपीएस १३’ बराच कारणीभूत ठरला. त्याचा काठ बाजूंना व वर अवघा ५.२ मिमी होता; १३.३ इंची पडदा पूर्वी ११ इंची यंत्रास लागे तेवढ्या देहात मावला होता. परंतु वरच्या काठात कॅमेऱ्यास जागा उरली नाही. तो पडद्याखाली, डाव्या कोपऱ्याजवळ गेला. परिणामी समोरच्या व्यक्तीस बोलणाऱ्याची हनुवटी, नाकपुड्या आणि टंकलेखन चालू असल्यास बोटेच ठळकपणे दिसू लागली. २०१८ साली ह्वावे कंपनीने आपल्या ‘मेटबुक एक्स प्रो’मध्ये कॅमेरा चक्क कळफलकातील एका कळीखाली दडवला, दृष्टिकोन तोच राहिला. अखेर २०१९ मध्ये डेलने सव्वादोन मिलिमीटरचा कॅमेरा तयार करून तो पुन्हा वरच्या काठाच्या मध्यभागी बसवला. ललाटबिंब ललाटावरच असावे, हे मंदिरांच्या स्थपतींना ठाऊक असलेले तत्त्व यंत्रशास्त्राला चार वर्षांच्या प्रयोगानंतर मान्य करावे लागले! अॅपल कंपनीने २०२१ च्या ‘मॅकबुक प्रो’मध्ये वेगळी वाट धरली. काठ ३.५ मिमी ठेवला आणि कॅमेऱ्यासाठी पडद्यालाच वरून खाच पाडली. त्या खाचेवर टीका पुष्कळ झाली, पण एक गोष्ट टीकाकारांनी क्वचितच सांगितली. खाचेखालचा पडदा पूर्ण १६:१० प्रमाणाचाच आहे. खाचेच्या दोन्ही बाजूंची पट्टी ही काठातून परत मिळवलेली जागा असून तीत आज्ञांची यादी बसते.

खालचा काठ हा या विषयातील सर्वांत उद्बोधक भाग होय. २०१५ च्या त्या यंत्रात बाजूचे काठ बारीक असले तरी खालचा काठ भरघोस होता. यंत्राची खोली २०० मिमी आणि पडद्याची उंची १६६ मिमी. वरचा काठ वजा जाता उरलेली जागा खाली व बिजागरीकडे जाणारच. येथे पडद्यापेक्षा हाताचा विचार आधी करावा लागतो. दहा बोटांनी लिहावयाचा कळफलक, त्यापुढे तळहात टेकण्याची जागा व स्पर्शपट्टी यांनी यंत्राच्या बैठकीची खोली ठरते. झाकणाला बैठकीएवढे व्हावेच लागते. २००८ नंतर दूरदर्शनच्या पडद्यांशी जुळते असे आडवे १६:९ प्रमाण लॅपटॉपमध्ये सर्रास आले आणि झाकणाच्या उंचीत रिकामी जागा शिल्लक राहू लागली. जाड खालचा काठ ही त्या प्रमाणाची अपरिहार्य फलश्रुती होती. २०२० च्या ‘एक्सपीएस १३’मध्ये १६:१० प्रमाणाचा १३.४ इंची पडदा घेताच तो जवळजवळ नाहीसा झाला. देवनागरी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांस हा बदल विशेष उपकारक आहे. वेलांट्या, मात्रा व रफार वर आणि उकार खाली येत असल्याने आपल्या लिपीच्या ओळींना रोमनपेक्षा अधिक उभी जागा लागते. उंच पडद्यावर प्रबंधाच्या चार ओळी जास्त दिसतात, हा लाभ अरुंद काठाच्या शोभेहून मोलाचा आहे.

खालचा काठ जाड असणे स्वभावतःच कुरूप आहे, असे मात्र मानता येत नाही. पाश्चात्त्य ग्रंथमुद्रणाच्या जुन्या संकेतानुसार पानाचा खालचा समास वरच्याहून मोठा ठेवीत. चित्रे मढवणारेही खालची पट्टी किंचित रुंद घेतात, कारण अगदी सारख्या पट्ट्यांमध्ये चित्र खाली घसरल्यासारखे भासते. तेव्हा दोष जाडीत नसून असंबद्धतेत आहे. बाजूला ५ मिमी आणि खाली त्याच्या चौपट-पाचपट, असे नाते डोळ्यास पटत नाही. बाजूला १२ व खाली १८ मिमी असलेले एखादे जुने यंत्र यापेक्षा अधिक समतोल दिसू शकते.

रंगाचा प्रश्न थोडक्यात सांगता येईल. काळ्या काठात तोच पडदा अधिक उजळ भासतो आणि पांढऱ्या काठात फिका, हा समीप रंगांच्या परस्परविरोधाचा परिचित परिणाम आहे. २००६ च्या मॅकबुकचा काठ पांढरा होता; २००८ च्या अॅल्युमिनियमच्या आवृत्तीत तो काळा होऊन कडेपर्यंत पसरलेल्या काचेखाली गेला. काचेमुळे बंद पडदा व काठ एकच काळा पृष्ठभाग दिसतात आणि काठ आहे त्याहून कमी वाटतो. दुकानातील बंद यंत्र पाहून केलेला निर्णय घरी दिवा लागल्यावर बदलतो, तो यामुळे.

राहिला समासाचा व चौकटीचा व्यावहारिक भाग. जुन्या पडद्याच्या कडांना धातूचे कान असत व ते स्क्रूने झाकणाला जोडलेले असत. प्लॅस्टिकची पट्टी नखाने सोडवून, चार स्क्रू काढून नवा पडदा बसवणे हे साध्या कारागिराच्या आवाक्यातील काम होते. अरुंद काठात कानांना जागा नाही. पडदा बहुधा दुहेरी चिकटपट्टीने चिकटवलेला असतो, आणि जेथे काच पडद्याशी एकजीव केलेली असते तेथे पुष्कळदा सबंध झाकणच बदलावे लागते. त्यातच झाकण व बैठक यांमधील अंतर इतके कमी झाले आहे की, कॅमेऱ्यावर चिकटवलेल्या आवरणासह झाकण मिटल्यास पडदा तडकू शकतो, अशी सूचना अॅपलला २०२० मध्ये द्यावी लागली. महानगरात ही गैरसोय ठरेल. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला; त्यातील सेनगाव वा कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या महाविद्यालयाचा लॅपटॉप अनेक विद्यार्थ्यांच्या हातांतून वर्षानुवर्षे जातो. तेथे पडद्याच्या कडेला अंगठा टेकवून झाकण उघडण्याची सवयच त्याचे आयुष्य ठरवते. रुंद काठावर तो अंगठा निरुपद्रवी असतो. अरुंद काठावर तो थेट काचेवर दाब देतो. असे यंत्र दुरुस्तीसाठी नांदेडला पाठवावे लागले, तर प्रकल्पाचे सत्र तेवढ्यात संपून जाते.

काठ बारीक ठेवूनही ही अडचण टाळता येते, याचे उदाहरण उपलब्ध आहे. फ्रेमवर्क या कंपनीने २०२१ मध्ये आणलेल्या लॅपटॉपचा काठ हा लोहचुंबकांनी धरलेला स्वतंत्र भाग आहे. तो हाताने निघतो, निरनिराळ्या रंगांत मिळतो, आणि त्याखाली पडद्याचे स्क्रू उघड दिसतात. महाविद्यालयीन खरेदीच्या मागणीपत्रकात पडद्याचा कर्ण, स्मृती व प्रक्रियकाचा वेग यांची नोंद असतेच. पडदा कशाने जोडलेला आहे, काच वेगळी निघते काय आणि काठ स्वतंत्र बदलता येतो काय, हे तीन प्रश्न त्यात जोडण्यास एका ओळीपेक्षा अधिक जागा लागणार नाही.