जादू होते, करणी ‘केली’ जाते

हा भाग शिरोली एमआयडीसीतून रेकॉर्ड केलाय, त्यामुळं ऑडिओत मागं कॉम्प्रेसर ऐकू येतो. वाचणाऱ्यांची त्यातून सुटका झाली.

आजचा शब्द आहे ‘जादू’. आमच्या फाट्यावर ‘मॅजिक कुठाय?’ असं विचारलंत तर लोक सरळ वडापच्या गाडीकडं, टाटाच्या त्या छोट्या मॅजिककडं बोट दाखवतील. ती मॅजिक बाजूला ठेवू.

शाळेत आपण पाठ केलेलं असतं: जादू म्हणजे चमत्कार, इंद्रजाल, किमया, चेटूक. समानार्थी शब्द लिहा, दोन मार्क घ्या. पण बोलताना हे शब्द एकमेकांच्या जागी बसवून बघा. ‘आईच्या हाताला जादू आहे’ हे वाक्य चालतं. ‘आईच्या हाताला चेटूक आहे’ असं म्हणून बघा, जेवायला मिळणार नाही. म्हणजे अर्थ जवळचे आहेत, पण प्रत्येक शब्दाचा स्वभाव वेगळा. तो स्वभाव कळायला माझ्याकडं एक सोपी युक्ती आहे, ती पुढं सांगतो.

आधी घराणं बघू. ‘जादू’ आपल्याकडं फारसीतून आला. पण त्याचा भाऊबंद आपल्याकडं आधीपासूनच होता. वेदांमध्ये ‘यातु’ हा शब्द आहे, आणि अशी विद्या करणारा तो ‘यातुधान’. जुन्या इराणी भाषेतही ‘यातु’च होतं, त्याचं पुढं फारसीत ‘जादू’ झालं. म्हणून मराठीतल्या अभ्यासाच्या पुस्तकांत ‘यातुविद्या’ असा भारदस्त शब्द दिसला तर घाबरू नका, तो जादूचाच चुलतभाऊ आहे. गंमत म्हणजे इंग्रजीतलं ‘मॅजिक’सुद्धा ग्रीकांमार्फत इराणकडूनच आलंय. तिथल्या पुरोहितांना ‘मगु’ म्हणायचे. ग्रीकांनी त्यांचे विधी बघितले, समजले नाहीत, आणि त्यांच्या नावावरून जादूलाच नाव पडलं. शेजाऱ्याचा धर्म आपल्याला जादू वाटतो, ही सवय जुनी आहे.

आता स्टेजवरची जादू. तिच्यासाठी हातचलाखी, नजरबंदी, इंद्रजाल हे शब्द आहेत. इथं करणाऱ्यालाही माहीत असतं आणि बघणाऱ्यालाही माहीत असतं की फसवाफसवी चाललीय, आणि तिकीट त्यासाठीच काढलेलं असतं. दादासाहेब फाळके सिनेमात येण्याआधी जादूचे प्रयोग करायचे. आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव त्यांनी घेतलं होतं. त्यांच्या पौराणिक सिनेमांतली ट्रिक फोटोग्राफी बघितली की या माणसाचा हात आधी कशावर बसला होता ते कळतं.

‘गारूड’ची गोष्ट मला फार आवडते. गरुड हा सापाचा वैरी, म्हणून सापाचं विष उतरवायचा मंत्र तो गारूड, आणि साप खेळवणारा तो गारुडी. आता पेपरवाले एखाद्या गायिकेच्या आवाजाचं ‘गारूड’ म्हणतात. विष उतरवणारा शब्द आता मोहिनी घालतो.

‘किमया’ मात्र आमच्या एमआयडीसीचा शब्द आहे असं मला वाटतं. तो अरबी-फारसीतून आला, मूळ अर्थ हलक्या धातूचं सोनं करायची विद्या. केमिस्ट्री हा शब्दही त्याच कुळातला. शिरोलीत फाउंड्रीवाले भरपूर. साध्या बिडात कार्बन पातळ पापुद्र्यांसारखा पसरलेला असतो, आणि ताण आला की त्या पापुद्र्यांच्या कडेनं तडा धावतो. म्हणून ते बीड ठिसूळ. त्याच वितळलेल्या रसात मॅग्नेशियम टाकलं की डोळे दिपवणारा पांढरा भडका होतो, आणि कार्बनचे पापुद्रे न बनता गोळ्या बनतात. तडा जायला वाटच राहत नाही. हे झालं एसजी आयर्न. हजार किलो रसात शेवटी साधारण चारशे ग्रॅम मॅग्नेशियम उरलं तरी काम होतं. पण उशीर केला तर काही मिनिटांतच असर उतरायला लागतो, म्हणून ओतायची घाई. पहिल्यांदा बघणारा ‘जादू!’ म्हणतो. मी किमया म्हणीन, कारण ती रोज, प्रत्येक शिफ्टला, कुणीही केली तरी होते.

आता ती युक्ती. शब्द कळत नसेल तर त्याच्याबरोबर क्रियापद कोणतं येतं ते ऐका. जादू ‘होते’. चमत्कार ‘घडतो’. किमया ‘साधते’. आणि करणी? करणी कुणीतरी ‘केलेली’ असते. शब्द ‘करणे’वरूनच आलाय. ‘जशी करणी तशी भरणी’ मध्ये तो साधाच आहे, करणी म्हणजे कृती. पण ‘त्याच्यावर करणी केलीय’ म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: कुणी? मूठ मारतात, कुणी? नजर लागली, कुणाची? या शब्दांच्या व्याकरणातच एक आरोपी बसवलेला आहे. त्याचं नाव तेवढं भरायचं बाकी असतं.

हे नुसतं भाषेचं खूळ नाही. एका कारखान्यात, नाव नको, ऐन पावसाळ्यात कास्टिंग रिजेक्ट व्हायला लागली. आत बारीक भोकं. चार दिवसांनी कुणीतरी म्हणालं, ‘कुणीतरी करणी केलीया.’ लिंबू-मिरची भट्टीच्या दाराला आधीच होती, तिच्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण ‘करणी’ शब्द आला आणि दुपारपर्यंत लोक नव्यानं लागलेल्या एका परगावच्या पोराकडं बघायला लागले. त्याच्या डब्याला कुणी हात लावीना. मग लॅबमध्ये वाळू तपासली. ओल जास्त. गरम रस ओल्या वाळूवर पडला की वाफ होते, आणि ती आत अडकली की भोक. वाळू झाकून ठेवली, भोकं थांबली. त्या पोराला मात्र कुणी सॉरी म्हटलं नाही. पुढच्या महिन्यात तो काम सोडून गेला.

म्हणूनच कायद्यालाही हे शब्द नावानिशी पकडावे लागले. डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं ज्या कायद्यासाठी झगडत होते, त्याचा अध्यादेश २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर काही दिवसांतच निघाला, आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा केला. आपण त्याला ‘जादूटोणाविरोधी कायदा’ म्हणतो. ऐकून वाटतं की स्टेजवरच्या जादूगारांवर बंदी आली. तसं अजिबात नाही, टोपीतून ससा काढा खुशाल. गुन्हा आहे तो अमुक माणूस करणी करतो, भूत लावतो, मंत्रानं जनावराचं दूध आटवतो असं जाहीर करून त्याच्याविरुद्ध लोकांना उठवणं, किंवा अघोरी उपाय करून कुणाला लुबाडणं, छळणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, आणि दंड पाच हजार ते पन्नास हजार.

एक शब्द मात्र कायद्याच्या यादीत बसवणं अवघड आहे, आणि आमच्या भागात तोच सगळ्यात जास्त ऐकू येतो: ‘बाहेरचं’. ‘डॉक्टर झाले, आता बाहेरचं बघू.’ त्यात करणी नाही, भूत नाही, कुणाचं नाव नाही. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही सगळं कळतं, आणि देवऋष्याकडं जायची वेळ ठरते.

तुमच्याकडं याला काय म्हणतात? विदर्भ, कोकण, मराठवाडा, बेळगाव, कुठलेही असा, व्हॉइस नोट पाठवा. नुसता शब्द नको, अख्खं वाक्य बोला. मला क्रियापद ऐकायचंय.