जास्त घट्ट म्हणजे जास्त सुरक्षित नव्हे

बंगळुरूच्या महादेवपुऱ्यातून पहाटे नंदी हिल्सच्या घाटाकडे निघणाऱ्या काही सायकलींचा फोर्क कार्बनचा असतो. फोर्कची वर आलेली नळी म्हणजे स्टीअरर. तिच्यावर हँडल बसते ते स्टेममुळे (हँडल आणि नळी जोडणारा आखूड तुकडा). स्टेमचे बोल्ट जमतील तितके आवळावेत, हा समज सर्रास आढळतो. पोलादी नळीवर तो बराचसा खपून जातो, म्हणूनच टिकला आहे.

कार्बनचे वागणे बांबूसारखे. उभा बांबू मोठा भार पेलतो, पण पकडीत आडवा दाबला की चिरतो. शिवाय कार्बन पोलादासारखा आधी वाकून इशारा देत नाही.

म्हणून बोल्ट आवळायला टॉर्क पाना (किती जोराने आवळले ते दाखवणारा पाना) वापरावा. अनेक स्टेमवर 5 न्यूटन-मीटरच्या आसपासची मर्यादा छापलेली असते. 10 सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे 5 किलो वजन टांगावे, एवढाच हा जोर! फोर्कचा आकडा वेगळा असेल तर दोन्हींतला लहान पाळावा. नळीवर ग्रीस नको. बारीक कण असलेली कार्बन पेस्ट लावली की कमी दाबातही पकड बसते.

वरच्या टोपीचा बोल्ट स्टेम धरत नाही, तो फक्त बेअरिंगमधली ढिलाई काढतो. म्हणून आधी तो हलकेच फिरवावा, मग बाजूचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे. नळीत कंपनीने दिलेली आधाराची गुल्ली हवीच. नळीला चीर दिसली, तर फोर्क बदलावा.