रिलीव्हरला काय सांगितलंत?

पहाटे साडेपाचला कोहक्याच्या गल्ल्यांतून मोटरसायकली निघतात. डब्याची पिशवी हँडलला अडकवलेली, हेल्मेट आधीच डोक्यावर. सुपेल्याच्या बाजूने जी.ई. रोड आणि रेल्वेचे रूळ ओलांडले की पलीकडे भिलाईचे सेक्टर, आणि त्यांच्याही पुढे पोलाद कारखाना. ही मंडळी सकाळच्या पाळीला निघालेली असतात, तेव्हा आत रात्रपाळीचे लोक त्यांची वाट बघत असतात. आपल्या जागी येणाऱ्या माणसाला भिलाईत ‘रिलीव्हर’ म्हणतात. तो येईपर्यंत जागा सोडायची नाही आणि तो आला की ‘चार्ज’ द्यायचा. काय चाललंय, काय बंद आहे, काय अर्धवट राहिलंय ते सांगायचं, लॉगबुक दाखवायचं आणि मग घरी जायचं.

नोकरीत पुढं कसं जावं यावर बोलणारे लोक भाषण, मुलाखत, व्यक्तिमत्त्व याबद्दल पुष्कळ सांगतात. मला मात्र या पाच-दहा मिनिटांच्या चार्जमध्ये सगळा विषय सामावलेला दिसतो. कारण आठ तासांत आपण केलेलं काम साहेबाला क्वचितच दिसतं. ते रोज दिसतं रिलीव्हरला, आणि आपल्याबद्दलचं पहिलं मत बनतं तेही त्याच्याच मनात. पुढं ते हळूहळू वर पोचतं.

भिलाईत सांगणं आणि ऐकणं पहिल्या दिवसापासून अवघड होतं. 2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात या कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाईचा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे विदर्भातल्या माणसाला भिलाई ही परकी जागा नव्हती. कारखाना उभारायला मात्र आली ती बंगाली, तेलुगू, मल्याळी, पंजाबी, बिहारी, मराठी आणि आसपासच्या गावांतली छत्तीसगढी माणसं, आणि त्यांना शिकवायला रशियन तज्ज्ञ. बांधकामाचे मुख्य अभियंता वेनियामिन दिमशित्स 1957 ते 1959 इथं होते. पुढं ते सोव्हिएत सरकारात उपपंतप्रधानाच्या दर्जाला पोचले. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं.

रशियन आणि हिंदी यांच्यामध्ये दुभाषे होते. दुभाष्यामार्फत बोलून पाहिलेल्या कुणालाही हे कळेल की तिथं लांब वाक्य चालत नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगावी लागते. समोरच्याला काय समजलं ते त्याच्या तोंडून परत ऐकावं लागतं, नाहीतर झडप उघडायची की बंद करायची इथपासून घोटाळा होतो. आज आपल्यामध्ये दुभाषी नसतो म्हणून आपण ही तसदी घेत नाही. ‘समजलं ना?’ विचारतो, समोरचा ‘हो’ म्हणतो आणि दोघंही सुटलो असं मानतो. ‘समजलं ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर देण्याचं धैर्य नवख्या माणसात नसतंच. त्यापेक्षा ‘आता तू पहिल्यांदा काय करशील?’ असं विचारावं. उत्तर ऐकलं की आपण काय सांगितलं, हे आपल्यालाच कळतं.

नीट सांगणं मी शिकलो ते चुकून. माझी पहिली नोकरी भिलाईपासून दूर, एका छोट्या कारखान्यात होती. पाण्याच्या एका पंपाची ग्लँड नेहमीपेक्षा जास्त गळत होती. मी ती दोनदा आवळली आणि लॉगबुकात लिहिलं, ‘सर्व सुरळीत.’ गळती थांबली होती, म्हणजे लिहिलं ते खोटंही नव्हतं. पण ग्लँड गरजेपेक्षा जास्त आवळली गेली होती, आणि रात्री तो पंप तापून बसला. माझ्या जागी आलेल्या गृहस्थांना मेमो मिळाला, आणि त्यांनी माझ्याकडे एक शब्दही काढला नाही. दोन दिवस मी गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी फोरमनकडे जाऊन सांगितलं की ग्लँड मी आवळली होती. फोरमन रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “मग लिहिलं का नाही?” मेमो परत घेतला गेला, पण त्या गृहस्थांना ज्या दोन रात्री झोप लागली नसेल त्या मी कशा परत करणार होतो? तेव्हापासून ‘सर्व सुरळीत’ हे शब्द मी कधी लिहिले नाहीत. काय केलं, ते का केलं आणि काय उरलं, एवढं लिहितो. उरलेलं सांगताना आपलं काम कमी दिसेल ही भीती प्रत्येकाला असते. रिलीव्हरला मात्र त्या उरलेल्याचीच गरज असते.

भिलाईतल्या मराठी माणसापुढं आणखी एक अडचण असते, आणि ती ध्यानात यायला वर्षं जातात. आपण ‘तुम्ही’ म्हणतो ते आदरानं. हिंदीत बोलताना जिभेवर त्याचंच ‘तुम’ होतं. उत्तर प्रदेशातल्या किंवा बिहारमधल्या वरिष्ठाला ‘तुम’ म्हटलं की तो वरून हसतो, पण मनात नोंद करतो. आपल्याला वाटतं आपण मानानं बोललो. त्याला वाटतं हा पोरगा बरोबरीला आला. ‘आप’ म्हणायला काही खर्च पडत नाही, पण ते आठवणीनं म्हणावं लागतं. दुसरा शब्द ‘चेष्टा’. हिंदी सहकारी सांगतो की मैंने बहुत चेष्टा की, म्हणजे त्यानं खूप प्रयत्न केला, आणि मराठी कानाला ते थट्टेसारखं लागतं. सगळ्यांत जोखमीचा शब्द मात्र ‘कल’. मराठीत काल आणि उद्या असे दोन वेगळे शब्द आहेत. हिंदीत दोन्हींना एकच. ‘कल का शटडाउन’ म्हणजे झालेला की व्हायचा, हे क्रियापदावरून कळतं खरं, पण लॉगबुकात क्रियापद लिहितो कोण? म्हणून तारीख लिहावी, आणि पाळीही लिहावी.

इथवर बोललो ते बरोबरीच्या माणसाशी बोलण्याबद्दल. वरच्या माणसाशी बोलणं याहून कठीण, विशेषतः वाईट बातमी सांगणं. आपल्याकडे साहेबाचा मूड बघून बोलायची पद्धत आहे. पगारवाढ मागायची असेल तर ती ठीक. यंत्र बिघडतंय हे सांगायला मूड बघणं परवडत नाही. 12 जून 2014 रोजी भिलाईच्या कारखान्यात विषारी वायूची गळती होऊन सहा जण गेले. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. वायूला पद दिसत नाही. 9 ऑक्टोबर 2018 ला कोक ओव्हनच्या वायुवाहिनीवर आग लागून त्याहून अधिक माणसं गेली. या दुर्घटनांच्या कारणांत मी शिरत नाही. पण अशा ठिकाणी रोज काम करणाऱ्या माणसाला ‘मला काहीतरी बरोबर वाटत नाही’ असं बिनधास्त म्हणता आलं पाहिजे. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 साली, कारखाना कायद्यात कलम 41-एच आलं. धोका समोर दिसत असेल तर वरिष्ठाला तो सांगण्याचा हक्क त्यानं कामगाराला दिला. कायद्यानं हक्क मिळतो. तो वापरायला लागणारा सूर मात्र आपणच कमवायचा असतो.

तो सूर कसा असावा? आरोपाचा नसावा, आणि कुजबुजीचाही नसावा. ‘तुमच्या लोकांनी नीट केलं नाही’ म्हटलं की ऐकणारा स्वतःचा बचाव करू लागतो आणि धोका बाजूला राहतो. ‘साहेब, बघा ना, जरा काहीतरी...’ असं म्हटलं तर त्याला त्यात तातडी ऐकूच येत नाही. काय दिसलं, किती वाजता दिसलं, मला त्यातून काय भीती वाटते आणि आत्ता काय करावं असं मला वाटतं, या क्रमानं चार वाक्यं बोलली की पुरतं. चौथं वाक्य बहुतेक जण गाळतात. त्यांना वाटतं, उपाय सुचवणं साहेबाचं काम. पण चौथं वाक्य बोलणारा माणूस साहेबाच्या लक्षात राहतो, कारण त्यानं तक्रारीबरोबर स्वतःचा विचारही आणलेला असतो.

ऐकण्याची जबाबदारी वरच्याचीही असतेच. 1985 साली व्ही. कृष्णमूर्ती ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीचे अध्यक्ष झाले. भिलाई, बोकारो, राउरकेला, दुर्गापूर हे सगळे कारखाने सेलच्या छत्राखाली होते. आदेश काढण्याआधी त्यांनी अधिकारी, कामगार आणि युनियनची मंडळी यांच्याशी बोलण्यात बराच वेळ घातला. त्या बोलण्यांतून ‘प्रायॉरिटीज फॉर ॲक्शन’ हे टिपण तयार झालं आणि ते कर्मचाऱ्यांपर्यंत नेलं गेलं. मला यात महत्त्वाचा वाटतो तो क्रम. ऐकणं आधी झालं आणि लिहिणं नंतर. आपल्या हाताखाली तीनच माणसं असली तरी हा क्रम पाळता येतो.

बढतीबद्दल बोलायलाच हवं, कारण कोहक्यातल्या अनेक घरांत हा विषय रोज निघतो. सेलमध्ये कामगार श्रेणीतून अधिकारी श्रेणीत जायला लेखी परीक्षा आणि मुलाखत असते. लेखी परीक्षेची तयारी लोक जीव तोडून करतात आणि मुलाखतीत अडखळतात. अडखळण्याचं कारण इंग्रजी नव्हे, असं माझं मत आहे. वर्षानुवर्षं ‘आमच्या शॉपमध्ये’, ‘आमच्या सेक्शनमध्ये’ असं बोलायची सवय झालेली असते, आणि मुलाखतीत समोरून विचारतात, ‘यात तुम्ही काय केलं?’ मराठी घरांतल्या वळणानं ‘मी’ म्हणायला संकोच वाटतो. उलट टोकाची माणसंही असतात, सगळं ‘मी’च केलं म्हणणारी, त्यांच्या सहकाऱ्यांकडे चौकशी केली की खरं काय ते बाहेर येतं. नेमकं वाक्य दोन्हींच्या मधलं आहे. “बेअरिंग का तापतं ते माझ्या ध्यानात आलं, गार्ड बदलायची कल्पना आमच्या फिटरची, साहेबांकडून मंजुरी मी आणली.” यात प्रत्येकाचा वाटा ज्याच्या त्याच्या नावावर आहे आणि आपला वाटाही पूर्ण दिसतो. भिलाईच्या कामगारांना विश्वकर्मा राष्ट्रीय पुरस्कार आणि पंतप्रधान श्रम पुरस्कार अनेकदा मिळाले आहेत. अशा पुरस्कारांच्या मुळाशी यंत्रापाशी उभ्या असलेल्या कुणीतरी केलेली सूचना असते. ती नुसती मनात येऊन भागत नाही. कागदावर उतरून वरच्याला पटावी लागते.

हे सगळं सांगताना एक गोष्ट टाळली तर लेख खोटा पडेल. गोड बोलून, नीट लिहून सगळ्यांचीच वाट मोकळी होत नाही. कारखान्यात कायम कामगार आहे आणि ठेका मजूरही आहे. दोघं एकाच यंत्राशी उभे असतात, पण एकाचा शब्द लॉगबुकात जातो, दुसऱ्याचा हवेत. शंकर गुहा नियोगी यांनी आपली उमेदीची वर्षं भिलाईच्या कोक ओव्हनमध्ये काढली आणि पुढं दल्ली-राजहराच्या लोहखाणीतल्या ठेका मजुरांची संघटना बांधली. 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत, झोपेत असताना, त्यांचा खून झाला. त्यांच्या राजकारणाबद्दल मतं वेगवेगळी असतील. ज्यांचं कुणी ऐकत नव्हतं त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारा माणूस म्हणून ते या भागात आजही आठवले जातात. ज्याला पुढं जायचंय त्यानं एवढं करावं: ठेक्यावरच्या माणसाला ‘ए’ म्हणू नये, त्याचं नाव माहीत करून घ्यावं, आणि त्यानं सांगितलेली खूण लॉगबुकात त्याच्या नावानं लिहावी. भट्टीशेजारचा आवाज बदलला हे पुष्कळदा त्यालाच आधी कळतं.

कोहका-कुरुद रस्त्यावर आता अभियांत्रिकीची मुलं दिसतात. कँपस मुलाखतीसाठी ती आरशासमोर स्वतःची ओळख घोटत असतात, आणि त्यांच्याच घरात वडील किंवा काका रात्रपाळीहून परततात. पोरांनी त्यांना एकदा विचारावं, आज चार्ज देताना काय सांगितलं?

माझ्या ओळखीचे एक निवृत्त चार्जमन त्या रस्त्यापासून जवळच राहतात. नोकरीत असताना रात्रपाळी संपवून घरी येताना सुपेल्यापाशी ते कधीकधी गाडी बाजूला घेत आणि खिशातून फोन काढत. घरी पोचायला पाच मिनिटं उरलेली असत, डोळे चुरचुरत असत, मागून ट्रकचे हॉर्न वाजत असत. पलीकडे रिलीव्हरनं फोन उचलला की ते म्हणत, “भैया, एक बात रह गई थी.”